पालथी घातल्यावर कळते ती बोट

उन्हाळ्यात नाथसागराचं पाणी मागे सरकलं, की पैठणच्या बाजूला काठावर पालथ्या घातलेल्या होड्या दिसतात. होडी बघावी तर अशी. वरचा रंग आणि नाव काही सांगत नाही. ती कशी चालेल ते बूड सांगतं. आपल्याकडे पूर आला की गुळाची काहील पाण्यात सोडून लोक पैलतीर गाठायचे. काहिलीचं बूड पसरट, म्हणून ती थोड्या पाण्यातही तरंगते. पण वल्हं मारलं की गरगर फिरते, कारण पाण्याला धरणारा कणा, म्हणजे बुडाखालून लांबीभर जाणारी उभी पट्टी, तिला नाही.

फायबरच्या जुन्या मोटर यॉट बघताना मला ही काहील आठवते.

बोट चालली की तिच्या पुढच्या टोकाशी लाट उठते. वेग वाढेल तशी ही लाट लांबत जाते. वेग दुप्पट झाला तर लांबी चौपट. पाण्यात ११ मीटर लांब असलेल्या बोटीचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास गेला, की लाट बोटीएवढी होते. त्यापुढे मागची बाजू खळग्यात बसते आणि बोट आपल्याच लाटेचा चढ चढू लागते. इंजिनाची ताकद त्या चढात जिरते. मग एक तर या वेगात समाधान मानायचं, नाही तर बूड असं करायचं की बोट लाटेवर चढून पाण्यावरून घसरत जाईल. चपटी खापरी तळ्यावर टप्पे घेत जाते, तशी.

घसरायला सपाट बूड उत्तम. पण समुद्र खवळला की तेच बूड प्रत्येक लाटेवर दाणकन आपटतं. बोटींचे आराखडे काढणारे रे हंट यांनी बूड मागच्या टोकापर्यंत खोल व्ही आकाराचं ठेवलं आणि त्यावर लांबीच्या दिशेने पट्ट्या दिल्या. व्ही लाट चिरतो, पट्ट्या पाणी खाली फेकून बोट उचलतात. १९६० च्या मायामी-नासाऊ मोटरबोट शर्यतीत रिचर्ड बर्ट्रम यांची ‘मॉपी’ ही अशी बोट खवळलेल्या समुद्रात जिंकली. ती लाकडी होती. तिच्यावरून फायबरची बर्ट्रम ३१ आली. किंमत मात्र मोजावी लागते: उभी असताना ही बोट डुलते, आणि घसरायला सपाट बुडापेक्षा जास्त ताकद मागते.

त्याच १९६० साली हॅटरस ४१ ही फायबरची यॉट पाण्यात उतरली. ती बांधली गेली नॉर्थ कॅरोलायनातल्या हाय पॉइंटला, समुद्रापासून कितीतरी दूर, फर्निचरच्या गावात! मराठवाड्याच्या माणसाला ही गोष्ट भावणारच. तिचा आराखडा काढणाऱ्या जॅक हारग्रेव यांनी तिचं बूड पुढे धारदार आणि मागे बरंच सपाट ठेवलं. म्हणजे लाट पुढच्या धारेने कापायची आणि भार मागच्या पसरट भागावर पेलायचा. बर्ट्रमइतकी ती लाट पचवत नाही, पण उभी असताना स्थिर राहते. ज्या बोटीत माणसं राहणार, तिच्यासाठी मला हा सौदा शहाणपणाचा वाटतो.

असे वळणदार आकार फळ्यांतून काढणं कष्टाचं. फायबरचं काम कूलरच्या टाकीसारखं: साच्यात काचतंतूंची मॅट अंथरायची, रेझिन चोपडायचं, थरावर थर द्यायचे. एकदा साचा जमला की बूड प्रत्येक वेळी तेच निघतं.

ग्रँड बँक्स या यॉटने वेगाचा हट्टच धरला नाही. १९७३ च्या सुमारास ती लाकडाकडून फायबरकडे वळली, तरी साच्यातच फळ्यांच्या रेषा राखल्या. ताशी १५ किलोमीटरच्या आसपास ती थोड्या डिझेलवर निवांत चालते, आणि तिच्या बुडाखाली लांब, भक्कम कणा आहे.

नाथसागरासाठी निवडायची झाली तर मी हा कणा निवडेन. आपलं पाणी उथळ आहे, त्याच्या पोटात बुडालेली गावं आहेत. मे महिन्यात पाणी उतरतं, जुन्या बांधांचे दगड वर येऊ लागतात. तिथे आधी टेकेल तो कणा, बोट ढकलणारा पंखा त्याच्या वर शाबूत राहील.