गोंडी भाषेची पीछेहाट

गोंडी ही मध्य भारतातली द्राविडी भाषा, तेलुगूच्या नात्यातली. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया या पट्ट्यात आणि बाहेर मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणा, ओडिशात बोलली जाते. २०११ च्या जनगणनेत जवळपास ३० लाख लोकांनी मातृभाषा गोंडी सांगितली. आकडा मोठा वाटतो, पण गोंड समाजच १ कोटीच्या वर आहे, म्हणजे बहुतेक घरांतून भाषा आधीच गेलीये. १९७१ ला बोलणारे १७ लाखांच्या आसपास होते, म्हणून कागदावर भाषा वाढतेय असं वाटतं, पण त्याच ४० वर्षांत देशाची लोकसंख्या दुपटीहून जास्त झाली आणि गोंडी बोलणारे दुप्पटही झाले नाहीत.

गोंडीवर बंदी कधीच कोणी घातली नाही. तिला जागाच ठेवली नाही, आणि हे मुख्यतः भाषावार प्रांतरचनेत झालं. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात गोंडी मुलखाचा मोठा भाग एकत्र होता (आणि नागपूर वसवलं ते छिंदवाड्याकडच्या देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंदने, हे आपण विसरूनच गेलोय). नंतर मराठीला एक राज्य, तेलुगूला एक, ओडियाला आधीपासून होतंच, हिंदीला तर कितीतरी, आणि गोंडी या सगळ्यांच्या सीमेवर तुकडे होऊन पडली. प्रत्येक राज्यात ती अल्पसंख्य झाली, त्यामुळे कुठल्याच सरकारला ती आपली वाटली नाही. पुढे २००० मध्ये छत्तीसगड निघालं तेव्हा अजून एक सीमा वाढली.

घटनेच्या आठव्या अनुसूचीत, म्हणजे मान्यताप्राप्त भाषांच्या यादीत, आज २२ भाषा आहेत. त्यात आदिवासी म्हणाव्या अशा दोनच, संथाली आणि बोडो, त्याही २००३ च्या घटनादुरुस्तीने आल्या. कोकणी, डोगरी, सिंधी, मणिपुरी, बोडो यातल्या प्रत्येकीपेक्षा गोंडी बोलणारे जास्त आहेत. तरी ती यादीत नाही. यादीत नसली की यूपीएससीच्या भाषा पेपरात नाही, साहित्य अकादमीच्या नेहमीच्या वार्षिक पुरस्कारात नाही, आणि शाळेत तर जवळजवळ नाहीच.

खरा फटका शाळेत बसतो. घटनेचं कलम ३५० (क) सांगतं की प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळायची सोय राज्यांनी करावी, पण त्रिभाषा सूत्रात प्रादेशिक भाषा, हिंदी आणि इंग्रजी मोजून झाल्यावर गोंड मुलाची भाषा चौथी येते, म्हणजे येतच नाही. गडचिरोलीतल्या भामरागड-एटापल्लीकडचं माडिया (गोंडांतलाच एक समाज) पोर पहिलीत येतं तेव्हा त्याला उंदी, रंड, मूंड, नालूंग येत असतं, गुरुजी एक दोन तीन म्हणतात, आणि पोर गप्प बसलं की 'कच्चं आहे' असा शेरा. बऱ्याच भागात गोंडी आकडे सातच्या आसपास थांबतात आणि पुढचे मराठी-हिंदीतून घेतले जातात, कारण हिशोब बाजारात आणि शाळेत होतो आणि तिथे गोंडी चालत नाही. मग आईबापच ठरवतात की पोराशी मराठीत बोलायचं, आणि त्यांना दोष देता येत नाही, नोकरीचा फॉर्म मराठीतच असतो.

लिपीचाही घोळ आहे. गोंडी जिथे असेल तिथल्या राज्याच्या लिपीत लिहिली गेली, त्यामुळे महाराष्ट्र, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडातलं देवनागरी पुस्तक तेलंगणा-ओडिशातल्या गोंडाला सहसा वाचता येत नाही. स्वतःच्या लिप्या आहेत: १९१८ ची मसराम गोंडी आणि आदिलाबादकडच्या गुंजाळा गावातल्या हस्तलिखितांत सापडलेली गुंजाळा गोंडी. २०१७ आणि २०१८ मध्ये दोन्ही युनिकोडमध्ये (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीत) आल्या, म्हणजे मोबाइलवर गोंडी लिहिण्याचा पाया झाला. नागपूरचे मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा आणि संस्कृतीवर आयुष्यभर काम केलं, २०१५ मध्ये ते गेले. त्यांच्या कामाची मराठी वाचकांनी घ्यायला हवी होती तेवढी दखल घेतली नाही.

२०१९ मध्ये गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावच्या ग्रामसभेने स्वतःच गोंडी माध्यमाची शाळा काढली. घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रात ग्रामसभेला आपली संस्कृती जपायचा अधिकार आहे, हा गावाचा आधार. शिक्षण खात्याने शाळा अनधिकृत ठरवून नोटीस दिली, आणि ग्रामसभा हायकोर्टात गेली.