ल्यूकोप्लाकिया आणि सबम्युकस फायब्रोसिस: जीन्स नेमक्या कुठे बिघडतात

खर्रा, मावा, गुटखा खाणाऱ्याला डेंटिस्टने तोंडात काही दाखवलं की घरी येऊन एकच वाक्य असतं, "कॅन्सरची पहिली स्टेज सांगितलीय". यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. एक म्हणजे गालाच्या आतला पांढरा चट्टा, ल्यूकोप्लाकिया, आणि दुसरं म्हणजे तोंड हळूहळू उघडायचंच बंद होणं, ओरल सबम्युकस फायब्रोसिस. दोन्ही कॅन्सर नाहीत, कॅन्सरची स्टेज तर अजिबातच नाहीत, दोन्हीतून पुढे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा (तोंडाच्या अस्तराचा कॅन्सर) होऊ शकतो हे मात्र खरं. पण आत पेशींमध्ये जे चाललेलं असतं ते दोन्हीकडे सारखं नसतं, आणि पुढे काय तपासायचं, कशावर लक्ष ठेवायचं हे त्यावरच ठरतं.

बाहेरून ओळखायला तसं सोपं आहे. चट्टा गॉजने पुसला तरी जात नाही (पुसून निघाला तर बहुतेक फंगस), सहसा दुखत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी बघतही नाही. तंबाखूची गोळी रोज जिथे दाबून ठेवायची नेमका तिथेच येतो, मिश्री लावणाऱ्या बायकांमध्येही दिसतो. सबम्युकसवाल्याला आधी तिखट सोसेनासं होतं, घास घेतला की आग आग, मग गाल पांढुरके आणि कडक, बोट फिरवलं की आत उभे पट्टे लागतात, आणि आधी तीन बोटं जायची तिथे दोन, मग एक.

आता जीन्स. चट्ट्याची गोष्ट वरच्या थराची, म्हणजे एपिथेलियमची आहे. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन कॉप्या असतात, एक आईकडून एक वडिलांकडून, आणि तंबाखूतल्या नायट्रोसामाइन्सच्या माऱ्यात क्रोमोसोमचा एखादा तुकडा एका कॉपीतून गळूनच जातो. याला एलओएच (लॉस ऑफ हेटेरोझायगॉसिटी) म्हणतात. १९९६ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या टीमने डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी याचा क्रम मांडला, त्यात सगळ्यात आधी जातो ९पी२१ हा भाग (९ हा क्रोमोसोमचा नंबर, पी म्हणजे त्याचा आखूड हात, क्यू म्हणजे लांब), तोही पेशी मायक्रोस्कोपखाली जवळपास नॉर्मल दिसत असताना. तिथे पी१६ नावाचं प्रोटीन बनवणारी जीन असते, पेशीचं विभाजन रोखणारा ब्रेकच तो. मग डिस्प्लेशिया, म्हणजे पेशींचा आकार आणि रचना बिघडलेली, दिसायला लागतो तेव्हा ३पी आणि १७पी, आणि १७पी वर टीपी५३ आहे, डीएनए तुटला की पेशीला थांबवणारी किंवा मारून टाकणारी जीन. पुढे ११क्यू, १३क्यू, १४क्यू, आणि शेवटी पेशी खालचा पडदा फोडून आत घुसतात तेव्हा ४क्यू, ८ नंबर वगैरे. हा क्रम रेल्वेच्या टाइमटेबलसारखा धरू नका, त्याच टीमचं म्हणणं होतं की कोणता बदल कधी झाला यापेक्षा एकूण किती साठले ते महत्त्वाचं.

आणि हे नुसतं थिअरीत नाही. २००० साली कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या गटाने दाखवलं की मायक्रोस्कोपखाली साधे वाटणारे, सौम्य-मध्यम डिस्प्लेशियाचे चट्टे घेतले तरी ज्यांच्यात ३पी किंवा ९पी गेलाय त्यांचा कॅन्सरचा धोका, दोन्ही शाबूत असलेल्यांपेक्षा, सुमारे ३.८ पट, आणि त्याबरोबर आणखी एखादा तुकडा गेला असेल तर ३३ पट. म्हणजे पॅथॉलॉजिस्टला सारखेच दिसणारे दोन चट्टे आतून फार वेगळे असू शकतात. मग वाटेल की औषध देऊन थांबवू. २०१६ मध्ये छापलेल्या ट्रायलमध्ये एलओएच असलेल्यांना एर्लोटिनिब ही ईजीएफआर (पेशीला वाढायचा सिग्नल देणारं प्रोटीन) अडवणारी गोळी देऊन पाहिली, तीन वर्षांनी कॅन्सरमुक्त राहिलेले ७० टक्के आणि डमी गोळीवाले ७४ टक्के, म्हणजे काहीच फायदा नाही. एलओएच बघून धोका कोणाला जास्त ते कळलं, पण तो कमी करता आला नाही.

सबम्युकसमध्ये सुरुवात खालून होते. खलनायक सुपारी, तिच्यातलं अरेकोलिन आणि तिच्यात भरपूर असलेलं तांबं. वरच्या थराखाली फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी असतात, त्यांच्यात टीजीएफ-बीटा या प्रोटीनचा सिग्नल वाढतो, कोलॅजन (पेशींना आधार देणारं धाग्यांसारखं प्रोटीन) जास्त बनतं, वर तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे एन्झाइम जोरात चालतं आणि ते कोलॅजनचे धागे एकमेकांना असे जोडून टाकतं की शरीराला ते मोडून काढता येत नाहीत. इथे जीन्स तुटून गळण्यापेक्षा चुकीच्या वेळी चालू-बंद होण्याचा भाग मोठा आहे. काही फायब्रोब्लास्ट तर म्हातारे होऊन विभागायचेच थांबतात आणि आजूबाजूला इन्फ्लमेशन (दाह) वाढवणारी रसायनं सोडत बसतात. वरचं एपिथेलियम पातळ होत जातं, आणि सुपारीचा डीएनएवर थेट मारा चालूच असतो. एलओएच आणि टीपी५३ चे बदल इथेही सापडलेत, शेवटी कॅन्सर व्हायचा तो वरच्या थरातच ना, पण तोंड न उघडणं हा त्या बदलांचा पुरावा नाही, तो फक्त खालच्या कोलॅजनचा हिशोब आहे. म्हणून "अजून अडीच बोटं जातात, आपल्याला धोका नाही" हे चूक.

हा आजार पहिल्यांदा नोंदवला गेला तो १९५२ मध्ये केनियातल्या भारतीय बायकांमध्ये, लगेच १९५३ मध्ये मुंबईत जोशींनी. केरळातल्या एर्नाकुलममध्ये सतरा वर्षं पेशंट फॉलो केले तेव्हा ७.६ टक्क्यांना कॅन्सर झाला. आणि "मी तंबाखू खात नाही, नुसती सुपारी" म्हणणाऱ्यांसाठी, आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) २००४ च्या अहवालात तंबाखूशिवायची सुपारीसुद्धा माणसात कॅन्सर करणारी म्हणून पहिल्या गटात टाकलीय.

सोडल्यावर काय होतं यातही मोठा फरक आहे. तंबाखू सोडली तर बरेच चट्टे लहान होतात, काही जातातही. सबम्युकसचे पट्टे मात्र सुपारी सोडून सहसा वितळत नाहीत, वाढायचे थांबले तरी खूप झालं, तोंड उघडायला व्यायाम, इंजेक्शन, नाहीतर सर्जरी. पण तोंड उघडणारी सर्जरी कॅन्सरचा धोका काढत नाही. चट्टा कापून काढला तरी तेच, कारण तुकडे गळलेल्या पेशी आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या जागेतही असतात, याला फील्ड कॅन्सरायझेशन म्हणतात आणि ही कल्पना १९५३ पासूनची आहे.

शेवटी दोघांतून होणारा ट्यूमर मात्र एकाच जातीचा. २०१३ मध्ये पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची जीनोमिक्स संस्था एनआयबीएमजी आणि खारघरचं टाटा मेमोरियलचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक इथल्या लोकांनी भारतीय पेशंटच्या गाल-हिरडीच्या कॅन्सरचे जीन्स वाचले तेव्हा टीपी५३, एफएटी१, सीएएसपी८, एचआरएएस, नॉच१ ही ओळखीची नावं सापडलीच, वर यूएसपी९एक्स, एआरआयडी२ अशी काही नवीनही.

आपल्याकडे तर खर्ऱ्यात सुपारी आणि तंबाखू एकत्रच, त्यामुळे एकाच तोंडात दोन्ही असणं काही विशेष नाही. अशा वेळी बायोप्सी कडक पट्ट्याची करून भागत नाही, चट्ट्याची करायची, त्यातही लाल किंवा खडबडीत भाग असेल तर तिथलीच, कारण लाल भागात डिस्प्लेशिया किंवा कॅन्सर सापडायची शक्यता जास्त असते. आणि ज्याचं तोंड एकच बोट उघडतं त्याच्या मागच्या दाढांमागे, जिभेच्या कडेला डॉक्टरला धड बघताच येत नाही, तिथली जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर गरज पडल्यास भूल देऊन का होईना पण बघून घ्यायला लागतं.