अँटनी पहिला संन्यासी? नाही हो

इजिप्तचा संत अँटनी (मृत्यू 356) हा पहिला ख्रिस्ती संन्यासी आणि ही मंडळी वाळवंटात जाऊन जगाशी संबंधच तोडायची, हे वर्षानुवर्षं फिरतंय. पण अलेक्झांड्रियाचा बिशप अथानासियस याने लिहिलेलं त्याचं चरित्रच सांगतं की शेजारच्या गावात एक म्हातारा तरुणपणापासून विरक्त राहत होता, अँटनी त्याचंच बघून शिकला, बहिणीलाही व्रतस्थ कुमारिकांकडे ठेवलं, म्हणजे तशा बायका आधीपासून होत्याच ना! आणि इजिप्तमधल्याच कारानिस गावचा 324 सालचा एक तक्रारअर्ज पपायरसवर (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदावर) सापडलाय, त्यात इसिडोरस म्हणतो, गायीने माझं पीक नासवलं, मी तिला पकडून नेत होतो तर मालकांनी दांडक्याने बडवलं, अँटोनिनस डीकन (चर्चमधला सेवक-अधिकारी) आणि आयझॅक संन्यासी मध्ये पडले म्हणून वाचलो. संन्यासी, भर गावात, गायीच्या भांडणात! वाळवंटात गेलेलेसुद्धा टोपल्या विणून विकायचे, भाकरी त्यातूनच सुटायची.