इस्राएलचे बारा वंश

इस्राएलचे बारा वंश : हिब्रू बायबलनुसार याकोब या कुलपुरुषाच्या बारा मुलांपासून वाढलेली कुळे. याकोबाचे दुसरे नाव इस्राएल, म्हणून ही सारी संतती ‘बेने इस्राएल’, म्हणजे इस्राएलची लेकरे. लेआ या पत्नीपासून रऊबेन, शिमोन, लेवी, यहूदा, इस्साखार व जबुलून. राहेलपासून योसेफ व बन्यामीन. राहेलची दासी बिल्हा हिच्यापासून दान व नफताली. लेआची दासी जिल्पा हिच्यापासून गाद व आशेर. आजचे यहुदी स्वतःला या घराण्याचे वारस मानतात, पण ‘यहुदी’ हे नाव बारांपैकी एकट्या यहूदाचे आहे. एका भावाचे नाव सगळ्या भावकीला कसे लागले, हे पाहिले म्हणजे या विषयाची बरीच गुंतागुंत उलगडते.

बारा हा आकडा पक्का असला, तरी त्यातली नावे पक्की नाहीत. लेवीच्या वंशाकडे याजकपण आले आणि जमीन आली नाही, म्हणून जमिनीच्या वाटणीतून त्याचे नाव गळते. मग योसेफाच्या एफ्राइम व मनश्शे या दोन मुलांना वेगवेगळे वाटे देऊन बारा भरले जातात. बायबलमधील अनुवाद या ग्रंथातील मोशे या पुढाऱ्याच्या आशीर्वादात शिमोनाचे नावच नाही. शास्ते या ग्रंथातील दबोराचे गीत हे हिब्रूतील अतिशय जुन्या काव्यांपैकी एक मानले जाते. लढाईला कोण धावून आले आणि कोण घरी बसले, याचा हिशेब त्यात मांडला आहे : रऊबेन मेंढवाड्यात पावा ऐकत राहिला, दान जहाजांपाशी रेंगाळला, आशेर समुद्रकाठी बसून राहिला. या गीतात नावे दहाच येतात आणि त्यांतली माखीर व गिलाद ही दोन नेहमीच्या यादीत नाहीत. यहूदा तर न आल्याबद्दल बोलणी खायलाही तिथे नाही. गीत रचले गेले तेव्हा यहूदा या भावकीत मोजला जात नसावा, असा निष्कर्ष अनेक अभ्यासक काढतात, आणि तो टाळणे अवघड आहे.

वंशावळ ही रक्ताची नोंद समजून वाचली, की अशा विसंगती खटकतात. भूगोल म्हणून वाचली, की त्या बोलू लागतात. याचा सर्वांत देखणा पुरावा शोमरोन (समारिया) येथे १९१० मध्ये उत्खननात सापडला. इस्राएल या उत्तरेकडील राज्याच्या (त्याची कथा पुढे येते) या राजधानीत शाईने लिहिलेली खापरे मिळाली. वाचता येतील अशी ६० हून अधिक खापरे इ. स. पू. आठव्या शतकातील आहेत. मजकूर कारकुनी आहे : अमुक वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमक्याच्या नावे, जुन्या द्राक्षमद्याची एक घागर किंवा तेल. पण या ठिकाणांत अबियेजेर, हेलेक, शखेम, शमीदा ही नावे आहेत, आणि बायबलमध्ये हे सारे मनश्शेचे वंशज पुरुष आहेत. त्याहून मौजेची नावे नोआ आणि होग्ला. गणना या ग्रंथात सलाफहाद नावाचा माणूस मुलगा न होता मरतो आणि त्याच्या पाच मुली मोशेपुढे उभ्या राहून बापाच्या जमिनीत वाटा मागतात व मिळवतात. नोआ व होग्ला या त्यांतल्या दोघी. तिसरी तिरसा, या नावाचे गाव शोमरोनच्या आधी उत्तरेची राजधानी होते. म्हणजे ज्या बहिणी जमीन मागत होत्या, त्या स्वतःच जमिनी होत्या. शेजारच्या गावांचे नाते सांगायला त्या काळी भाऊबहिणींचीच भाषा होती.

काही वंशांची नावेही याच बाजूची आहेत. बन्यामीन म्हणजे उजवीकडचा, अर्थात दक्षिणेकडचा पुत्र, आणि तो वंश खरोखर एफ्राइमच्या दक्षिणेला राहत होता. एफ्राइम व नफताली ही नावे बायबलमध्ये डोंगराळ मुलखांनाही लागतात. वंशनावाचा बायबलबाहेरचा जुना पुरावा यार्देन नदीपलीकडच्या मवाबचा राजा मेशा याच्या इ. स. पू. नवव्या शतकातील शिलालेखात आहे : गादचे लोक अटारोथच्या मुलखात पूर्वापार राहत होते, असे त्यांचा हा शत्रू स्वतः सांगतो.

‘इस्राएल’ हे नाव इतिहासात प्रथम दिसते ते इजिप्तच्या मर्नेप्ता या फेरोच्या विजयस्तंभावर, इ. स. पू. १२०८ च्या सुमारास. फ्लिंडर्स पेट्री यांना तो १८९६ मध्ये थीब्ज येथे सापडला. ‘इस्राएल उजाड झाला, त्याचे बीज उरले नाही’ अशी बढाई त्यावर आहे. कोरणाऱ्याने अश्कलोन, गेझेर, यनोआम या नगरांच्या नावांपुढे परदेशी मुलखाची खूण काढली आहे. इस्राएलपुढे मात्र बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि अनेकवचनाच्या तीन रेघा. इजिप्तच्या लेखी ते लोक होते, नगर नव्हते.

हे लोक आले कोठून? बायबल सांगते, इजिप्तमधून सुटून, यार्देन नदी ओलांडून, कनान (आजचा इस्रायल-पॅलेस्टाइनचा मुलूख) जिंकून. पण १९५० च्या दशकात कॅथलीन केनियन यांनी यरीहो येथे उत्खनन केले, तेव्हा बायबलमधील सेनानी यहोशवाने पाडावी अशी तटबंदी त्या काळात तिथे आढळली नाही. १९६७ नंतर मध्य डोंगराळ पट्ट्याची गावोगाव पाहणी झाली आणि प्रश्नच पालटला. जिथे पूर्वी मोजकी वस्ती होती, तिथे इ. स. पू. १२०० नंतर दोन-अडीचशे खेडी उभी राहिलेली दिसली : तट नाही, वाडा नाही, उतारावर बांध घातलेली शेते, पावसाचे पाणी साठवणाऱ्या टाक्या, गळ्याशी कड असलेले मोठे रांजण. मडक्यांची घडण मात्र कनानीच. त्यामुळे बहुतेक पुरातत्त्वज्ञ आज असे मानतात, की इस्राएली हे बव्हंशी कनानचेच लोक होते. किनाऱ्यावरील नगरराज्ये कोसळल्यावर पशुपालक, शेतकरी आणि परागंदा माणसे डोंगरात स्थिरावत गेली. या खेड्यांत डुकरांची हाडे जवळजवळ नाहीत आणि किनाऱ्यावरच्या पलिष्टी नगरांत भरपूर आहेत, ही गोष्ट पुष्कळदा ओळखीची खूण म्हणून पुढे केली जाते. पण डुकराचे मांस कनानच्या इतर भागांतही फारसे खाल्ले जात नव्हते, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. इजिप्तहून आलेला एखादा छोटा गट यात मिसळला आणि त्याची सुटकेची आठवण सर्वांची झाली, ही शक्यता मात्र खुली राहते.

नावातला देवही हेच सुचवतो. ‘इस्राएल’च्या शेवटी ‘एल’ आहे, आणि एल हा कनानी देवमंडळाचा प्रमुख. यहोवा हा देव दक्षिणेतून, सेईर व अदोमच्या बाजूने आला असे दबोराच्या गीतातच म्हटले आहे. लोक एका देवाच्या नावाचे आणि भक्ती दुसऱ्याची, अशी ही जोडणी पुढे इतकी घट्ट झाली की सांधा दिसेनासा झाला.

भावकी असली तरी भांडणे होतीच. शास्ते ग्रंथातील एका प्रसंगात गिलादचे लोक यार्देनचे उतार अडवून येणाऱ्याला ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावतात. एफ्राइमच्या माणसाच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघाले की त्याची मान जाते. श आणि स यांवरून बोलणाऱ्याचे गाव ओळखण्याची सवय असलेल्या मराठी कानाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही.

पुढे दोन राज्ये झाली : उत्तरेला इस्राएल, दक्षिणेला यहूदा. उत्तरेचे राज्य मोठे, सुपीक आणि श्रीमंत होते. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरच्या (असीरियाच्या) सैन्याने ते बुडवले. २७,२९० माणसे नेल्याचा आकडा अश्शूरचा राजा दुसरा सर्गोन याने कोरून ठेवला आहे. म्हणजे सगळी प्रजा गेली नाही. कित्येक तिथेच राहिले आणि बरेच दक्षिणेला यरुशलेमकडे आले असावेत. ‘हरवलेले दहा वंश’ ही नंतरची कल्पना या वस्तुस्थितीपेक्षा बरीच मोठी आहे. उत्तरेच्या कथा आणि ‘इस्राएल’ हे नाव आता यहूदाच्या हाती आले. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेमचे मंदिर जाळले, पण हद्दपार झालेले लोक एकत्र राहिले. पर्शियाचा राजा कोरेश याने बाबेल जिंकल्यावर परतणाऱ्यांचा प्रांत ‘येहूद’ आणि तिथले ते ‘येहूदी’. एस्तेर ग्रंथातला मर्दखय एकाच वाक्यात ‘यहुदी’ आणि बन्यामीन वंशाचा आहे. वंशाचे नाव समाजाचे झाल्याचा याहून नेटका दाखला नाही.

मग यहुदी कोणाला म्हणावे? बाबेलहून परतलेल्या एज्रा या याजकाने परक्या बायका सोडायला लावल्या. रूथ ग्रंथाने मवाबी बाईला दावीद राजाची पणजी केले. इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी शासक योहान हिर्कानस याने दक्षिणेकडच्या अदोमींना सुंता करून यहुदी नियम पाळायला भाग पाडले. हेरोद राजा त्यांच्यातलाच. आई यहुदी ती संतती यहुदी, हा नियम इ. स. २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमग्रंथात स्पष्ट दिसतो. बायबलमधील वंश मात्र बापाकडून चालतो.

हरवलेल्या वंशांचा शोध जगभर चालला. इथिओपियाच्या बेटा इस्राएल समाजाला १९७३ मध्ये रब्बी ओवादिया योसेफ यांनी दानचे वंशज ठरवले. मणिपूर-मिझोराममधील काही लोक मनश्शेशी नाते सांगतात. कोकणातील बेने इस्राएल समाजाची कथा अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजापासून सुरू होते : सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, तेलघाणा चालवू लागल्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून ‘शनिवार तेली’ ठरल्या. त्यांनी वंश सांगितला नाही, नुसते ‘इस्राएलची लेकरे’ म्हटले, आणि आडनावे घेतली ती गावांची : पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहीमकर. १९६० च्या दशकात इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नांच्या वेळी पूर्वजांची चौकशी होऊ लागली, तेव्हा त्यांनी निदर्शने केली. १९६४ मध्ये ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे अधिकृतपणे मान्य झाले.

गरिझीम डोंगराशी निष्ठा ठेवणारे शोमरोनी (समारितन) लोक आजही एफ्राइम, मनश्शे व लेवी यांच्यापासून आपली कुळे मोजतात. त्यांची संख्या हजाराच्या आत आहे. यहुद्यांत मात्र जुन्या विभागणीतले थोडेच उरले आहे. सिनेगॉगमध्ये तोरा, म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ, वाचताना पहिली हाक कोहेनला, म्हणजे याजककुळातल्याला जाते, दुसरी लेवीला आणि पुढच्या ‘इस्राएल’ला, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना. रऊबेनचा, एफ्राइमचा किंवा खुद्द यहूदाचा म्हणून वेगळी हाक कोणालाच नसते.