"दोन दिवसांसाठी अ‍ॅक्सेस दे ना" : डेटाबेसच्या तात्पुरत्या परवानगीची पार्श्वभूमी

"दादा, दोन दिवसांसाठी प्रॉडक्शनचा रीड अ‍ॅक्सेस दे ना, क्लायंटला रिपोर्ट द्यायचाय." म्हणजे चालू कामाचा खरा डेटाबेस वाचायची परवानगी मागणारा हा मेसेज कायम शुक्रवारी संध्याकाळीच येतो, तेही नेमका आपण बॅग भरून सातची लोकल पकडायला निघालेलो असताना. मग घाईघाईत युजर बनतो, पासवर्ड चॅटवरच जातो, "सोमवारी आठवण कर, काढून टाकतो" असं म्हणून आपण पळतो आणि सोमवारी दोघांपैकी कोणालाच काही आठवत नाही.

मी स्वतः याच्या दुसऱ्या बाजूलाही होतो. अंधेरीला एका क्लायंटकडे तीन आठवड्यांचं काम होतं, ते संपवून निघालो, दीडेक वर्षाने त्यांनी परत बोलावलं, तर गंमत म्हणून जुन्या वहीतला पासवर्ड टाकून बघितला आणि सरळ आत! मी घाबरून त्यांच्या माणसाला सांगायला गेलो तर तो खूश, म्हणाला बरं झालं, आता नवीन युजरसाठी मेल टाकायला नको.

बरीच वर्षं मला वाटायचं की हा नुसता आपला आळस आहे. आळस आहेच. पण थोडं मागे जाऊन वाचलं तेव्हा कळलं की रिलेशनल, म्हणजे टेबलांमध्ये डेटा ठेवणाऱ्या, डेटाबेसच्या मूळ भाषेतच (एसक्यूएलमध्ये) "कोणाला" आणि "काय" याला शब्द आहेत, "कधीपर्यंत" याला शब्दच नाही.

सुरुवात १९७० ची. आयबीएमच्या सॅन होजेच्या लॅबमध्ये एडगर कॉड नावाच्या गणितज्ञाने रिलेशनल मॉडेलचा पेपर लिहिला, त्याच्या नावातच "लार्ज शेअर्ड डेटा बँक्स" असं आहे. शेअर्ड म्हटलं की कोणी काय बघायचं हा वाद आलाच, पण कॉडचा भर त्यावर नव्हता, त्याला डेटा कसा साठवलाय आणि प्रोग्रॅम कसा लिहिलाय या दोघांची फारकत करायची होती. पुढे त्याच लॅबमध्ये हे मॉडेल खरंच चालतं का ते बघायला सिस्टिम आर नावाचा प्रोजेक्ट सुरू झाला आणि तिथे हा प्रश्न पहिल्यांदा नीट सोडवायला घेतला गेला. १९७६ मध्ये पॅट्रिशिया ग्रिफिथ्स आणि ब्रॅडफर्ड वेड यांनी पेपर लिहिला, आज आपण डोळे झाकून टाईप करतो ते ग्रँट (परवानगी द्या) आणि रिव्होक (काढून घ्या) त्याच कामातून आले. (या ग्रिफिथ्स म्हणजेच पुढच्या पॅट सेलिंजर, उत्तर शोधायचा स्वस्त रस्ता ठरवणाऱ्या क्वेरी ऑप्टिमायझरवाल्या. एकाच बाईने एवढ्या दोन मोठ्या गोष्टी केल्यात हे मला फार उशिरा कळलं.)

त्या पेपरमध्ये ग्रँट सोपं आहे, डोकं खाल्लंय ते रिव्होकने. समजा मी तुला टेबल दिलं आणि पुढे दुसऱ्याला द्यायची मुभापण दिली, तू ते तिसऱ्याला दिलंस, आता मी तुझं काढून घेतलं तर त्या तिसऱ्याचं काय? त्यांचं उत्तर असं की त्याचंही जायला हवं, जणू तुला ते कधी दिलंच नव्हतं. पण त्या तिसऱ्याला आणखी कोणी वेगळ्या वाटेने दिलं असेल तर राहायला हवं. आणि कोणी आधी दिलं, कोणी नंतर, हे कळल्याशिवाय हे ठरत नाही, म्हणून प्रत्येक ग्रँटवर वेळेचा शिक्का मारायचा. एवढं करूनही त्यात एक फट राहिलीच, ती रोनाल्ड फेगिनने १९७८ मध्ये दाखवली आणि दुरुस्त केली. म्हणजे बघा, वेळ नोंदवली जात होती, पण कधी दिलं याची. कधी संपणार याची नाही.

मुंबईकराला हा घोळ वेगळा समजवायला नको. १९४७ चा रेंट अ‍ॅक्ट आला, भाडी गोठली, भाडेकरू हलेना, मग मालकांनी भाडेकरू म्हणायचंच सोडून लीव्ह अँड लायसन्सवर जागा द्यायला सुरुवात केली, म्हणजे ही नुसती वापरायची परवानगी, भाडं नाही. तर १९७३ मध्ये कायदा बदलला आणि १ फेब्रुवारी १९७३ ला असा जो कोणी लायसन्सवर राहात होता तो थेट भाडेकरूच ठरला! रात्रीत तात्पुरता माणूस कायमचा. त्यानंतर कितीतरी मालकांनी फ्लॅट कुलूप लावून रिकामे ठेवले पण दिले नाहीत. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यात मुदत संपली की लायसन्सवाल्याने जागा सोडायचीच असं स्वच्छ आलं, आणि आजचं आपलं ते ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट निर्धास्तपणे व्हायला लागलं. मुद्दा काय, शेवटची तारीख कागदावरच असेल आणि तिला वजन असेल तर माणूस जागा द्यायला घाबरत नाही.

डेटाबेसला तो कागद मिळायला फार वेळ लागला. एसक्यूएल १९८६ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड झालं, ग्रँट होतंच, तारीख नाही. १९९२ मध्ये डेव्हिड फेरायोलो आणि रिचर्ड कुन यांनी रोलवर, म्हणजे माणसाऐवजी त्याच्या भूमिकेवर, आधारलेली परवानगी मांडली, एसक्यूएलच्या १९९९ च्या आवृत्तीत रोल आले, त्याने युजर सांभाळणं खूप सोपं झालं, एक रिपोर्टिंगचा रोल बनवा आणि लोकांना त्यात टाका. पण टाका म्हटलं तरी बाहेर काढणार कोण, हा प्रश्न तसाच. संशोधकांना हे दिसत होतं बरं का, एलिसा बर्टिनो आणि मंडळींनी नव्वदच्या दशकात मुदतीच्या परवानग्यांवर पेपर लिहिले, २००१ मध्ये वेळ धरून चालणारे रोलपण मांडले. आपल्या रोजच्या डेटाबेसमध्ये ते त्या रूपात काही उतरलं नाही.

उत्तर खरं तर दुसऱ्याच गल्लीत तयार झालं होतं. एमआयटीत १९८३ मध्ये प्रोजेक्ट अथेना सुरू झाला, कॅम्पसभर वर्कस्टेशन, त्यावर कोणीही येऊन बसणार, मग पासवर्ड नेटवर्कवरून फिरवायचा कसा? त्यातून कर्बेरोस ही ओळख पटवायची पद्धत आली. सकाळी एकदा पासवर्ड द्या, तुम्हाला तिकीट मिळेल, खरंच तिकीटच म्हणतात, आणि त्यावर ते कधी संपणार ते लिहिलेलं असतं. सर्व्हर तिकीट बघतो, वेळ बघतो, संपलं असेल तर चल निघ. काढून घ्यायची आठवण कोणी ठेवायची गरजच नाही, तिकीट आपोआप मरतं. फक्त सगळ्या मशीनची घड्याळं जुळलेली पाहिजेत, साधारण ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की कर्बेरोस दारातच उभं करतं. ज्याने हे एकदा रात्री दोन वाजता शोधलंय तो आयुष्यात घड्याळ विसरत नाही.

आता दाराची गोष्ट. डेटाबेसचा पोर्ट (नेटवर्कवरून आत यायचा क्रमांकाचा दरवाजा) सरळ इंटरनेटवर उघडा ठेवायचे लोक, ओरॅकल या डेटाबेसमध्ये स्कॉट नावाचा युजर आणि टायगर हा पासवर्ड जगाला पाठ होता (टायगर हे ब्रूस स्कॉट या सुरुवातीच्या इंजिनियरच्या मांजराचं नाव), आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा सगळ्यात मोठा एसए युजर तर कित्येक ठिकाणी पासवर्डशिवायच. मे २००२ मध्ये याच रिकाम्या पासवर्डवर एक वर्म (आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम) पसरला. मग २५ जानेवारी २००३ ला स्लॅमर हा दुसरा वर्म आला, त्याला पासवर्डपण नको होता, ३७६ बाइट्सचा एक तुकडा, १४३४ पोर्टवर यायचा आणि दहा मिनिटांत जगातली जवळपास ७५ हजार मशीन धरली. मायक्रोसॉफ्टने पॅच (दुरुस्ती) सहा महिने आधीच दिला होता. त्यानंतर डेटाबेस बाहेर उघडा ठेवणं हे लाजिरवाणं मानायला लागले, निदान बोलताना तरी.

मग बाहेरच्या माणसाने आत यायचं कसं, तर बोगद्यातून. फिनलंडमध्ये टाटू युलोनेन याच्या युनिव्हर्सिटीच्या नेटवर्कवर कोणीतरी पासवर्ड चोरून ऐकले, त्या वैतागातून त्याने जुलै १९९५ मध्ये एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम, सोडला. आपल्याकडे व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५, म्हणजे पुढच्याच महिन्यात, अर्थात तेव्हा मोडेमचं किर्रर्र ऐकण्यातच आपण धन्य होतो. एसएसएचमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग आहे, तुमच्या लॅपटॉपवरचा एक पोर्ट मधल्या जम्प सर्व्हरमधून आतल्या डेटाबेसला जोडला जातो, पोस्टग्रेस या डेटाबेसचा पोर्ट ५४३२ किंवा मायएसक्यूएल या डेटाबेसचा ३३०६ बाहेर दिसतच नाही. छान सोय. पण जम्प सर्व्हरवर पासवर्डऐवजी चालणाऱ्या ज्या डिजिटल किल्ल्या टाकल्या त्या पुन्हा कायमच्याच, मी असे सर्व्हर बघितलेत जिथे नोकरी सोडून गेलेल्या माणसांच्या किल्ल्यांची यादी हजेरीपटासारखी लांब होती. ओपनएसएसएचने मुदतवाली सर्टिफिकेट (डिजिटल ओळखपत्रं) २०१० मध्ये आणली खरी, वापरणारे आजही मोजकेच दिसतात.

डेटाबेसच्या आत म्हणाल तर पोस्टग्रेसकडे एक जुनी गोष्ट आहे, व्हॅलिड अंटिल. युजर बनवताना तारीख आणि वेळ द्यायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं की संपलं, हेच तर हवं होतं. पण नीट वाचलं की कळतं, ती मुदत पासवर्डची आहे, युजरची नाही. सर्टिफिकेटने किंवा दुसऱ्या पद्धतीने येणाऱ्याला ती लागू नाही, आणि जो आधीच आत बसलाय त्याला ती उठवत नाही. वर त्या पाहुण्याने दोन दिवसांत एखादं टेबल बनवलं असेल तर युजर काढूनपण टाकता येत नाही, पोस्टग्रेस सांगतं की याच्या नावावर वस्तू आहेत, आधी त्या दुसऱ्याच्या नावावर करा. पोटभाडेकरूने पोटमाळा बांधला तसं. मायएसक्यूएलची तऱ्हा अजून वेगळी, टेबलापुरती परवानगी काढली तर चालू कनेक्शनलाही पुढच्या क्वेरीला लागू होते, पण ग्लोबल परवानगी काढली तर चालू कनेक्शनला पत्ताच नसतो, नवीन येणाऱ्यालाच लागू.

खरा बदल क्लाउडने आणला. अ‍ॅमेझॉनने आरडीएस (भाड्याने मिळणारा डेटाबेस) २००९ मध्ये काढलं, त्यांचं मुंबई रीजन (इथली डेटा सेंटर) जून २०१६ मध्ये सुरू झालं. हॅशीकॉर्पचं व्हॉल्ट, म्हणजे पासवर्ड सांभाळणारा प्रोग्रॅम, २०१५ चं, त्यात तुम्ही मागितलं की त्या क्षणी डेटाबेसमध्ये नवीन युजर बनतो, फक्त तुमच्यासाठी, आणि मुदत संपली की व्हॉल्ट स्वतः जाऊन तो काढतं. या मुदतीला त्यांनी नाव काय दिलंय, तर लीज, म्हणजे भाडेपट्टा! हे वाचून मी एकटाच हसलो, ऑफिसमध्ये कोणाला का ते कळलं नाही. आणि पोस्टग्रेससाठी आतून ते तेच जुनं व्हॅलिड अंटिल वापरतं, वर काढायचं काम स्वतः करतं, म्हणजे गहाळ होता तो सोमवारी आठवण ठेवणारा माणूस.

२०१७ मध्ये आरडीएसवर पासवर्डऐवजी टोकन आलं, १५ मिनिटं चालणारं. यावर हमखास गैरसमज होतो, लोकांना वाटतं १५ मिनिटांनी कनेक्शन तुटेल. तसं नाही. आपल्या लोकलच्या साध्या तिकिटावर एका तासात प्रवास सुरू करा असं लिहिलेलं असतं ना, कर्जत एका तासात यायलाच पाहिजे असं नसतं, तसंच हे. १५ मिनिटांत चढा, मग किती वेळ बसताय ते टोकन विचारत नाही.

भारतात कंपन्यांनी याकडे जरा गंभीरपणे बघायला लागण्यात सर्ट-इनच्या (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाचा हात आहे. काही घडलं तर ६ तासांत कळवा, लॉग (कोणी काय केलं त्याच्या नोंदी) १८० दिवस ठेवा, आणि घड्याळं सरकारी टाइम सर्व्हरशी जुळवून ठेवा (कर्बेरोसवाले हसले असतील). लॉग ठेवला तरी त्यात "रिपोर्ट युजरने डिलीट केलं" एवढंच असेल आणि तो पासवर्ड अकरा जणांकडे असेल तर ६ तासांत कळवणार काय? म्हणून प्रत्येकाला वेगळा आणि मुदतीचा युजर, ही मागणी ऑडिटवाल्यांकडून यायला लागली. आम्ही सांगून थकलो होतो ते त्यांच्या एका एक्सेल शीटने झालं.

आणि हे सगळं फक्त चोरांसाठी नाही. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड ठेवणाऱ्या साइटच्या एका इंजिनियरने रात्री दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायची म्हणून मुख्य सर्व्हरवरची उडवली, जवळपास ६ तासांचा डेटा गेला. त्याच्या हातात परवानगी पूर्ण होती आणि हेतू चांगला होता.

तर तो शुक्रवारचा पोरगा. त्याला मी पोस्टग्रेसवर फक्त वाचायचा युजर दिला, मुदत रविवार रात्र ११:५९, आणि शांतपणे लोकल पकडली. सोमवारी दहाला सहज चालू कनेक्शनची यादी बघितली तर हा आतच. शुक्रवारी ऑफिसच्या मशीनवर उघडलेली विंडो त्याने बंदच केली नव्हती, आणि चालू सेशन मुदतीने तुटत नाही हे मी स्वतः दहा जणांना शिकवलेलं आहे. हाताने सेशन मारलं. दोन मिनिटांत मेसेज आला, "दादा, अ‍ॅक्सेस गेला वाटतं, अजून एकच दिवस मिळेल का?"