अॅन्युरिझम, धमनी पोखरणारी एन्झाइम्स आणि डॉक्सीसायक्लिन: पार्श्वभूमी

पोटातली महाधमनी फुगत जाते (यालाच अॅन्युरिझम म्हणतात) त्यात भिंतीला ताकद आणि लवचिकपणा देणारं कोलेजन आणि इलॅस्टिन तोडणाऱ्या एन्झाइम्सचा हात आहे हे आता कोणी नाकारत नाही, मग ती अडवणारी गोळी अजून का नाही? त्यासाठी १९९० च्या दशकात जावं लागतं. आधीचं थोडक्यात सांगायचं तर १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या शेपटीचा तुकडा कोलेजनच्या जेलवर ठेवला होता, त्याच्या भोवतीचं जेल विरघळलं आणि एमएमपी (मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटीनेज), म्हणजे अशी तोडणारी एन्झाइम्स, या कुळातलं पहिलं एन्झाइम हाती लागलं.

नव्वदीत ऑपरेशनमध्ये काढलेल्या फुगलेल्या भिंतीत एमएमपी-९ भरपूर मिळायला लागलं. उंदरांच्या महाधमनीत इलॅस्टेज, म्हणजे इलॅस्टिन तोडणारं एन्झाइम, सोडलं की ती फुगायची, आणि अशा उंदरांना डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं की कमी फुगायची. हे डॉक्सी म्हणजे आपल्याकडे पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत आलेल्यांना लेप्टोसाठी देतात तेच, पण जंतू मारण्याशी संबंध नसताना ते एमएमपीही दाबतं, म्हणून तर १९९८ मध्ये अमेरिकेत हिरड्यांच्या आजारासाठी २० मिलीग्रॅमचा अगदी कमी डोस मंजूर झाला. त्याच सुमारास कॅन्सरसाठी बनवलेले एमएमपी रोखणारे नवे रेणू पेशंटचे सांधे आखडवत होते, त्यामुळे स्वस्त, जुनी, ओळखीची गोळी घेऊन पुढे जायचं ठरलं ते साहजिकच होतं.

खरा वाद पुढचा आहे. नेदरलँड्समध्ये छोट्या अॅन्युरिझमवाल्या २८६ पेशंटवर ट्रायल झाली, रोज १०० मिलीग्रॅम, १८ महिने. २०१३ मध्ये निकाल आला तो उलटाच, डॉक्सी घेणाऱ्यांची धमनी ४.१ मिलीमीटरने वाढली आणि नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी, घेणाऱ्यांची ३.३ ने! अमेरिकेतली ट्रायल तेव्हा नुकती सुरू झाली होती, तीही बंद करावी का, असा प्रश्न उभा राहणारच. माझ्या मते चालू ठेवली तेच बरोबर, कारण तिथे डोस दुप्पट होता, १०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, आणि अर्ध्या डोसच्या निकालावर विषय मिटला असं म्हणता आलं नसतं, उद्या कोणीतरी परत तोच मुद्दा काढला असता आणि परत शेकडो पेशंटना नव्या ट्रायलमध्ये घ्यावं लागलं असतं. २०२० मध्ये २५४ पेशंटचा दोन वर्षांचा निकाल आला, दोन्ही गटांत वाढ सारखीच, साधारण ३.६ मिलीमीटर.

चूक कुठे झाली असेल तर ती उंदरावर जास्त भरवसा ठेवण्यात, असं मला वाटतं. तिथे औषध भिंत तुटायला लागतानाच मिळतं, माणसाची धमनी सोनोग्राफीत दिसेपर्यंत इलॅस्टिनचा बराचसा भाग आधीच गेलेला असतो आणि तो परत नीट बनत नाही. शिवाय सगळी एमएमपी सारखी नाहीत. धमनीत आतून साचणाऱ्या चरबीच्या थरांवरच्या प्रयोगांत एमएमपी-१२ नसलेल्या उंदरांचे थर जास्त स्थिर, म्हणजे सहजी न फुटणारे, निघाले, तर एमएमपी-३ किंवा ९ नसलेल्यांचे उलट जास्त वाढले, मग सरसकट दाबणारी गोळी नेमकं काय वाचवणार?

सध्या छोट्या अॅन्युरिझमला सिगारेट बंद, बीपीवर लक्ष आणि ठरावीक काळाने सोनोग्राफी एवढंच आहे, पुरुषांमध्ये धमनीची रुंदी ५.५ सेंटीमीटरच्या आसपास गेली की ऑपरेशनचा विचार होतो.