डॉस खेळांतील मिडी संगीताची निवड

डॉसवर (विंडोजच्या आधीच्या संगणक प्रणालीवर) चालणाऱ्या जुन्या संगणकीय खेळांत संगीत बहुधा ध्वनिमुद्रित नसे. कोणते वाद्य, कोणता स्वर, किती जोर, किती वेळ एवढ्याच सूचना खेळ मिडीतून (वाद्ययंत्रांशी बोलण्याच्या ठरलेल्या संकेतभाषेतून) पाठवी. आवाज काढण्याचे काम जोडलेल्या यंत्राचे. त्यामुळे एकच धून एका यंत्रावर भरदार, तर दुसऱ्यावर केविलवाणी वाजते. खेळाच्या सेटअपमध्ये संगीतासाठी पर्यायांची यादी येते ती यामुळेच. यादीतले सगळ्यांत नवे यंत्र निवडण्याकडे लोकांचा कल असतो. खरे तर संगीतकाराने रचना कशावर बांधली होती, ते पाहायला हवे.

१९९१च्या आसपासपर्यंतच्या खेळांसाठी रोलँड या वाद्यकंपनीचे एमटी-३२ ध्वनियंत्र (१९८७) हे उत्तर सहसा बरोबर येते. सिएरा कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट ४’पासून (१९८८) त्याचा पुरस्कार केला. या यंत्राची गंमत अशी, की त्यातले तयार आवाज खेळाला बदलता येतात. खेळ सुरू होताना सिसेक्स (विशिष्ट यंत्रासाठीच्या खास मिडी) संदेशांमधून स्वतःची वाद्ये, दारांचे, पावलांचे आवाज यंत्रात भरतो. काही खेळ तर यंत्राच्या छोट्या पडद्यावर मजकूरही उमटवतात. पण सुरुवातीच्या एमटी-३२ला हे संदेश भराभर आले की झेपत नाहीत, बफर (संदेश तात्पुरते साठवण्याची जागा) भरतो आणि यंत्र अडते. आजच्या संगणकावर डॉसचे खेळ चालवणाऱ्या डॉसबॉक्समध्ये ‘डिले-सिसेक्स’ ही सोय ठेवली आहे ती त्यासाठी.

१९९१मध्ये जनरल मिडी हे मानक आले आणि १२८ वाद्यांचा क्रम ठरून गेला. त्याच वर्षी रोलँडचे साउंड कॅनव्हास एससी-५५ बाजारात आले. पुढच्या काही वर्षांत बहुतेक खेळांचे संगीत याच आवाजांवर कान ठेवून रचले गेले. बॉबी प्रिन्स यांनी केलेले ‘डूम’चे (१९९३) संगीत एससी-५५वरच ऐकावे. एमटी-३२चा वाद्यक्रम वेगळा असल्याने एकाचे संगीत दुसऱ्यावर वाजवले, की भलतीच वाद्ये बोलू लागतात. एससी-५५मध्ये एमटी-३२ची नक्कल करणारी सोय आहे, पण ती फसवी: वाद्यांचा क्रम जुळतो, खेळाने पाठवलेले खास आवाज मात्र येत नाहीत. १९९२च्या आगेमागे आलेल्या अनेक खेळांत दोन्ही पर्याय असतात. तिथे दोन्ही ऐकून ठरवणेच बरे.

आज खरी यंत्रे जमवण्याची गरज नाही. मंट हे सॉफ्टवेअर एमटी-३२चे हुबेहूब अनुकरण करते, फक्त त्याला मूळ यंत्राची रॉम (त्यातल्या कायमच्या स्मृतीची प्रत) लागते. जनरल मिडीसाठी फ्लुइडसिंथ या सॉफ्टवेअरला एखादा साउंडफाँट (वाद्यांच्या आवाजांचा संच) जोडला की भागते. मात्र मोठ्या साउंडफाँटमधले झकपक व्हायोलिन जुन्या रचनेत उपरे वाटू शकते. विंडोजमधला आयता जीएस सिंथ (मिडी वाजवणारे सॉफ्टवेअर) रोलँडच्याच आवाजांवर उभा असला, तरी त्याचा आवाज कोरडा आहे.

काही खेळांत हा प्रश्नच उद्भवत नाही. ‘वुल्फेन्स्टाइन ३डी’चे (१९९२) संगीत थेट अ‍ॅडलिब या साउंड कार्डावरच्या एफएम (कृत्रिम स्वर घडवणाऱ्या) चिपसाठी लिहिलेले आहे, त्यात मिडी यंत्राचा पर्यायच नाही. स्टेफान पिक यांनी अ‍ॅडलिबवर फुलवलेले ‘ड्यून’चे (१९९२) संगीत ऐकले, तर एफएम म्हणजे गरिबाचा पर्याय हा समज टिकत नाही.